शिवकांतला कळू नये म्हणून

शिवकांतला कळता कामा नये, हे गुरुपादनं नागनाथला पुन्हा एकदा बजावलं. नागनाथ बँडचा ड्रमवाला, आणि रेकॉर्डिंगची खोलीही त्याचीच. एरवी तिथं भजनं आणि रिक्षावरच्या जाहिराती रेकॉर्ड होत. त्यानं मान हलवली.

'पिंगळी रोड' हा परभणीतला जुना रॉक बँड, कॉलेजात असताना काढलेला. गुरुपाद गायचा, शिवकांत गिटार वाजवायचा. दोघांची नावं वेगवेगळी घ्यायची गावाला सवयच नव्हती. पहिला अल्बम निघायला इतका उशीर झाला, की तोवर शिवकांतची बोटं आखडली. डॉक्टर सांधे म्हणायचे, शिवकांत थंडी म्हणायचा.

म्हणून गिटारीला झरी गावचा मल्हार आणला. मेंढरं राखणाऱ्या घरातला, तरणा, कमी बोलणारा. बेत गुरुपादचा होता. शिवकांतला नेहमीसारखं बोलवायचं, वाजवू द्यायचं, वा वा करायचं. तो घरी गेला की ते पुसायचं आणि मल्हारकडून पुन्हा वाजवून घ्यायचं.

"गिटार सुटली तर तो खचंल," गुरुपाद म्हणाला. "कॉलेजपासूनचा दोस्त हाय. त्याची इज्जत आता आपल्या हातात हाय."

हे वाक्य त्याला आवडायचं. दोस्तीच्या खात्यावर उपकार जमा होऊ लागले की त्याचा चेहरा उजळत असे. माणसाला स्वतःचं संपलेलं कळत नाही, ते बाकीच्यांनी झाकायचं असतं, असं त्यानं मल्हारलाही समजावलं. मल्हारनं खाली मान घालून ऐकलं.

शिवकांत यायचा, डोळे मिटून वाजवायचा, घामाघूम व्हायचा. बोट तारेवरून घसरलं की नेमकी तेव्हाच गुरुपाद मोठ्यानं दाद द्यायचा. चप्पल घालताना शिवकांत विचारायचा, बरं झालं का. असं आजवर वाजवलं नव्हतंस, असं गुरुपाद सांगायचा आणि दार लावून घ्यायचा.

गुरुपादचं गाणं वेगळ्या दिवशी झालं. मध्ये दम लागला, पाणी प्यावं लागलं, एक वरचा सूर त्यानं खालूनच घेतला. नागनाथनं पुन्हा गायला लावलं नाही. याला अनुभव म्हणतात, असं गुरुपादनं मल्हारला ऐकवलं. त्या आठवड्यात मल्हारचा घसा बसला होता. कोपऱ्यात गरम पाणी पीत बसायचा.

"गिटार काय तोंडानं वाजवायलास का रे?" गुरुपादनं चिडवलं.

मल्हार हसला. नागनाथ वायर गुंडाळू लागला.

आता घोर एवढाच होता, की शिवकांत मध्येच ऐकायला मागेल. गुरुपादनं त्याचाही बंदोबस्त केला. अल्बम आधी कुणीच ऐकायचा नाही, त्यानं स्वतःसुद्धा. रविवारी सकाळी शिवकांतच्याच घरी सगळ्यांनी मिळून ऐकायचा. नागनाथ साध्या गोष्टीलाही फाटे फोडणारा माणूस. याला मात्र लगेच हो म्हणाला.

रविवारी शिवकांतच्या बायकोनं, महादेवीनं, सुशीलाच्या, म्हणजे फोडणीच्या मुरमुऱ्यांच्या, बशा भरून ठेवल्या. गाणं लागल्यावर शिवकांतकडं बघू नका, असं गुरुपादनं सगळ्यांना दारातच सांगितलं होतं. स्वतः मात्र त्याचा चेहरा दिसेल अशा जागी बसला.

नागनाथनं पहिलं गाणं लावलं. गिटार निघाली ती स्वच्छ, धारदार. शिवकांतची बोटं मांडीवर हलू लागली आणि थांबली.

"माझीच हाय ना ही?" त्यानं विचारलं.

"मग कुणाची? हात अजून तसाच हाय तुझा."

शिवकांतनं मान डोलावली. गुरुपादचा जीव भांड्यात पडला. जमलं, हे डोळ्यांनी सांगावं म्हणून त्यानं बाकीच्यांकडं पाहिलं. ठरल्याप्रमाणे शिवकांतकडं कुणीच बघत नव्हतं. गुरुपादकडंही कुणी बघत नव्हतं. महादेवी बशीकडं, नागनाथ स्पीकरकडं, मल्हार जमिनीकडं.

मग गाण्याचे शब्द सुरू झाले. आवाज भरदार, तरणा होता. दम कुठं तुटला नाही. तो वरचा सूर अलगद वरच लागला. गुरुपादच्या हातातली बशी तिथंच थांबली.

मल्हारनं मान वर केली नाही. शिवकांतनं आपला आखडलेला हात गुरुपादच्या गुडघ्यावर ठेवला.

"तुझा आवाज बी अजून तसाच हाय रे, गुरुपाद," तो म्हणाला.