मिटलेली मूठ

"डोकं चोळा, अहो. डोकं," फुसाए म्हणाली.

नारा शहरातल्या त्या मोठ्या देवळाबाहेर दुखणी बरी करणाऱ्या बिंझुरू या साधूची लाकडी मूर्ती होती, माणसांच्या हातांनी झिजून गुळगुळीत झालेली. आपलं जे दुखतं ते त्या मूर्तीचं चोळायचं आणि तोच हात दुखऱ्या जागी फिरवायचा. तोकुजीचं डोकं दुखत नव्हतं, पण त्यातून बायकोचा चेहरा पुसला गेला होता. आज स्टेशनापासून तो फुसाएला 'गाईडबाई' म्हणत होता. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा इथंच आली होती. दिवसभरात एकदा तरी त्यानं 'अगं' म्हणावं, एवढ्यासाठी तिनं त्याला आणलं होतं.

तोकुजीनं मूर्ती नीट न्याहाळली. मग वाकून तिचा गुडघा चोळला, सावकाश, वाटीभोवतीनं.

"तुमचा कुठं दुखतो गुडघा?"

"माझा नाही हो, बाई. आमच्या घरी दुखतो. जिना फार उभा आहे. लाकूड वाचवायला मीच तसा करून घेतला. ती बोलत नाही कधी, पण उतरताना भिंत धरते."

त्यानं उजवी मूठ घट्ट मिटली. "हे घरी न्यायचंय. सांडायला नको."

फुसाएनं तोंड फिरवून मफलर सारखा केला.

"माझ्या गुडघ्यावर ठेवलात तरी चालेल."

"छे, छे! परक्या बाईच्या गुडघ्याला हात? घरी कळलं तर रात्री जेवायला मिळायचं नाही!"

त्यानंतर मूठ उघडली नाही. बागेत हरणांनी गराडा घातला, माना लववून बिस्किटं मागितली. त्यानं डाव्या हातानं भरवली आणि प्रत्येक हरणाला उलट वाकून नमस्कार केला. तळ्याकाठी पर्सिमनच्या पानात गुंडाळलेला भातही डाव्याच हातानं खाल्ला. निम्मा कोटावर सांडला.

"काय हे, लहान मुलासारखं!" पुसता पुसता ती जुन्याच सवयीनं खेकसली. तो ओशाळून हसला.

पायऱ्या उतरताना त्यानं कठडा धरला नाही, तिचा खांदा धरला. दोघांचा भार तिच्या गुडघ्यावर आला. तिनं दुसऱ्या बाजूचा कठडा धरला.

संध्याकाळी घरच्या दारात तोकुजी एका हातानं बुटांच्या नाड्यांशी झटत बसला. फुसाए वळसा घालून मागच्या दारानं आत शिरली. कोट काढून कोपऱ्यात भिरकावला, घरातला एप्रन बांधला आणि चटईवर पाय पसरून बसली.

"आलो गं!" दारातून हाक आली.

"आलात?" आवाज जमेल तितका नेहमीचा ठेवत ती म्हणाली.

तो आत आला, तिच्याशेजारी टेकला. मूठ उघडली. तळहात घामेजला होता, त्यावर नखं रुतल्याच्या खुणा होत्या. तो हात त्यानं बरोबर तिच्या उजव्या गुडघ्यावर ठेवला. दुखणारा तोच, हे तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं.

"सोबतीची बाई फार चांगली होती गं," थोड्या वेळानं तो म्हणाला. "माझ्यापायी दमली बिचारी. तिचे आभार मानायचे राहूनच गेले."

फुसाएनं त्याच्या हातावर आपला हात ठेवला.

"पोचले तिला," ती म्हणाली.