सदतिसावी पिशवी

बेलार्मिनोने टोपी परत खुंटीला अडकवली आणि जाहीर केलं, "आज रक्त द्यायला मी जाणार नाही. आजच काय, कधीच नाही."

ओतिलियाने कॉफीत गूळ टाकता टाकता मागे वळून पाहिलं. "का हो? काय झालं?"

"काय झालं म्हणून मला विचारतेस? काल चौकात त्या तेओफिलोला बिल्ला दिला! आयुष्यात चार वेळा रक्त दिलंय त्यानं, चार! माझ्या छत्तीस पिशव्या झाल्या, आणि यादीत माझं नावसुद्धा नाही!"

ते खरंच होतं. काल रक्तदात्यांचा दिवस होता. इस्पितळवाल्यांनी चौकात बिल्ले वाटले, बँड वाजला, आणि आमचा बेलार्मिनो इस्त्रीचा सदरा घालून शेवटपर्यंत पहिल्या रांगेत बसून राहिला. खुर्च्या उचलायला लागले तेव्हा उठला बिचारा.

आमच्या या सांतांदेर मुलखातल्या माणसाला हट्ट आईच्या दुधातूनच मिळतो. खोगिरं शिवणाऱ्या बेलार्मिनोला तो दोन घोट जास्तच मिळाला होता. त्याचा बाप इस्पितळात वारला, तेव्हापासून डॉक्टरचं नाव काढलं की हा उठून जायचा. "आजारी म्हणून त्या दारातून आत गेलो, तर बाहेर आडवाच येईन," म्हणायचा. सहा वर्षांपूर्वी बोटांचे सांधे फार दुखायला लागले तेव्हा ओतिलियाने त्याला कसंबसं इस्पितळात ओढत नेलं. तपासणीपुरतं नळीभर रक्त देऊन स्वारी मागच्या दाराने पसार झाली.

पुढे महिन्याभरात यानेथ नर्स घरी आली. "काका, तुमचं रक्त साधं नाही. आम्हाला ते हवंय," म्हणाली. बस्स! गड्याची छाती फुगली. गावातले बाकीचे लोक चार-चार महिन्यांनी रक्त देत, हा दर दोन महिन्यांनी. मेल्यावर डोळे द्यायचा कागदही त्याने भरून टाकला. हळूहळू सांधे कुरकुरायचे थांबले. दानाचं पुण्य दुसरं काय, असं तो सगळ्यांना सांगत असे.

तक्रार एकच. ओतिलियाने देवमातेला नवस बोलून घरातली पेपितोरिया बंद केली होती. रविवारी शेजाऱ्यांकडून पेपितोरियाचा, म्हणजे बोकडाची रक्ती आणि काळीज भातात परतल्याचा, वास गल्लीभर सुटायचा, आणि याच्या ताटात कोंबडी. रक्त देणाऱ्यानं रक्त खाऊ नये, असं तिचं म्हणणं.

आता तिने खुंटीवरची टोपी काढली आणि त्याच्यापुढे धरली.

"बिल्ला गेला खड्ड्यात. एका माणसाचा जीव तुमच्या या पिशवीवर आहे."

"कोण तो?"

"त्याची बायको माझ्या ओळखीची आहे."

"माणूस कसा आहे?"

"चांगला आहे. तोंडाळ आहे जरा."

"मुलंबाळं?"

"सगळं आहे. तो गेला तर बायकोनं काय करायचं, एवढंच..." ओतिलियाचे डोळे भरून आले.

बेलार्मिनो गडबडला. चाळीस वर्षांच्या संसारात तिला रडताना त्याने दोनदाच पाहिलं होतं. "अगं, परक्या माणसासाठी कसली रडतेस! आण ती टोपी. दुसऱ्याच्या जिवाशी माझं काय भांडण?"

इस्पितळात ओतिलिया शेजारी बसली होती. यानेथने सुई टोचली तरी त्याचं तोंड चालूच होतं. तेओफिलो असा आणि तेओफिलो तसा.

"यादीत चूक झाली, काका," यानेथ म्हणाली. "माझीच." तिने खणातून कालचा उरलेला एक बिल्ला काढून त्याच्या सदऱ्याला लावला.

बेलार्मिनोने हनुवटी छातीला टेकवून बिल्ला नीट न्याहाळला. पिशवी भरल्यावर तो उठला, चीज आणि पेरूच्या दोन वड्या घेतल्या आणि बाहेरच्या बाकावर, रस्त्याने जाणाऱ्यांना बिल्ला दिसेल अशा बेताने जाऊन बसला.

यानेथने दार लोटलं. मग पिशवी उचलली, पायाने लाल डब्याचं झाकण उघडलं आणि पिशवी आत टाकून दिली.

खालच्या खणातून तिने एक फाईल काढली आणि ओतिलियासमोर उघडली. पहिल्या पानावर लिहिलं होतं: रुग्ण, बेलार्मिनो रुएदा. आजार, रक्तात लोह साठत जाणं. उपचार, दर दोन महिन्यांनी रक्त काढून टाकणं.

"आकडा आटोक्यात आहे, काकू," यानेथ हळूच म्हणाली. "फक्त एकही खेप चुकू देऊ नका."

खिडकीतून बेलार्मिनोची हाक आली. "ओतिलिया! अगं, विचार तिला, तो माणूस जगेल ना?"

ओतिलियाने डोळे पुसले आणि बाहेर पाहिलं. म्हातारा बाहीने बिल्ला पुसत होता.

"जगेल हो," ती म्हणाली. "पेरूची वडी एवढी गपागपा खाल्ली नाही तर."