बंद कारखान्याची शिट्टी

शिट्टी कारखान्याचीच आहे, असं नृसिंहने ठरवून टाकलं होतं. कसबा बावड्यात राहणाऱ्या माणसाला असं ठरवायला फारसं डोकं लागत नाही. उसाचा हंगाम चालू असला की इथल्या हवेला मळीचा वास असतो, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी राख असते आणि कुठून ना कुठून वाफ सुटतच असते. एखादी झडप सैल झाली असेल, झालं.

मग हंगाम संपला. कारखाना थांबला, उसाच्या ट्रॉल्या थांबल्या, बावडा दुपारी पेंगायला लागला. शिट्टी मात्र थांबली नाही.

नृसिंह पॉलिटेक्निकमध्ये पदार्थविज्ञान शिकवायचा. ध्वनीवरचा धडा तर त्याचा लाडका. तरीही आवाज बाहेरून येत नसून आपल्याच कानात आहे, हे पटायला या शहाण्याला गच्चीवर जाऊन थंड पडलेल्या धुराड्याकडे टक लावून उभं राहावं लागलं.

कानाच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. "जाईल असं वचन देत नाही," ते म्हणाले, "हळूहळू सवय होईल. आवाज लहान ठेवा, हेडफोनला जरा सुट्टी द्या. आणि अगदी शांत खोलीत बसू नका."

हेडफोनमध्ये नृसिंहचा जीव होता. लाकडी कपांचा, जाड वायरचा. तो कानावर चढवून डोळे मिटले की गाणाऱ्या बाईने सूर लावण्याआधी घेतलेला श्वास ऐकू यायचा. तबलजीच्या अंगठीचा कडेला लागलेला हलका टक आवाजसुद्धा. आणि दोन सुरांच्या मधली ती जागा, जिथे काहीच वाजत नाही. खरं तर त्याला गाण्यापेक्षा ती जागाच जास्त आवडायची. दुपारची उन्हं खोलीत कलायची, पडदा हलायचा आणि तो त्या जागेत उतरून बसायचा.

आता तिथे शिट्टी येऊन बसली होती. तिने गाणं बुडवलं नव्हतं, फक्त ती जागा खाल्ली होती. नृसिंहला भीती वाटत होती, आणि ती सांगायला घरात एकच माणूस होतं.

कालिंदीला गाण्याचा कान नाही, हे त्याने लग्नानंतर लवकरच ठरवलं होतं. ती नेसरीची, शेतकऱ्याच्या घरची. स्वयंपाकघरात तिचा रेडिओ कायम पुटपुटत असायचा, कुठलंही स्टेशन चालायचं. ऐन थंडीत पंखा गरगरत लागायचा, त्याशिवाय झोप नाही. हंगाम संपला की सगळा बावडा राख थांबली म्हणून खूश, आणि ही एकटी चिडचिडी. "तुझं माहेर कारखान्यातच असणार," असं तो तिला चिडवायचा.

तिला त्याने सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती.

"कानात शिट्टी वाजतेय. आता जन्मभर वाजणार म्हणे."

"एवढंच व्हय?" कालिंदी म्हणाली. "मला वाटलं काय झालंय. वाजती तर वाजू दे की. तिच्याकडं ध्यान न्हाय द्यायचं."

एवढंच. शेजाऱ्यांच्या मांजराला खरचटलं तरी हळद घेऊन धावणारी बाई ही. ते त्याला फार लागलं. त्यानंतर तो जेवताना भाजीचंही काही बोलेनासा झाला.

आज रविवार. उचगावचा धवल, त्याचा जुना मित्र, संध्याकाळी हेडफोन न्यायला येणार होता. नृसिंहने कप मऊ फडक्याने पुसले, वायर गुंडाळली, खोका उघडून ठेवला. कालिंदी दारात उभी राहून बघत होती.

"खरंच देणार?"

"ठेवून काय करू? शांतताच उरली नाही, तर गाणं कुठे ऐकू?"

ती आत येऊन पलंगावर बसली.

"एकदा मला लावा की."

इतक्या वर्षांत तिने हे कधी मागितलं नव्हतं. त्याने हेडफोन तिच्या कानांवर नीट बसवला आणि बारीक आवाजात तानपुरा लावला. कालिंदीने डोळे मिटले. बाहेर आंब्यावर पारवा घुमत होता. तिच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. हंगामात रात्री झोपेत जातात, तशाच.

"दबती की," ती पुटपुटली.

"काय दबते?" त्याने विचारलं. तिला ऐकू गेलं नाही.

त्याला एकदम वाटलं, हिला कळायलाच हवं. आपलं काय गेलंय ते एकदा तरी कळू दे. त्याने तानपुरा बंद केला, हेडफोनची वायर काढून मोबाइलवर सूर काढायचं ॲप उघडलं आणि बोटाने रेघ वर सरकवत नेली. कानातल्या शिट्टीशी सूर जुळला तेव्हा थांबला. तिच्या एका कानावरचा कप बाजूला करून म्हणाला, "ऐक. ही अशी वाजते. दिवसरात्र."

कालिंदीने लक्ष देऊन ऐकलं.

"जरा वर घ्या."

त्याने घेतलं.

"अजून. अजून जरा. हां, ही."

"अगं, माझी खाली आहे."

"मग तुमची खालची असंल. माझी ही."

फाटक वाजलं. धवल आला होता. नृसिंह उठला नाही.

"तुझी? कधीपासून?"

"कधीपासून म्हंजे? कळाय लागल्यापासून. बारकी हुते तवा आईला इचारलं, हे काय वाजतंय? तर म्हणाली, गप पडून ऱ्हायलं की कान वाजत्यातच." ती हसली. "तुमालाच त्याचं एवढं नवल का वाटायलंय, तेच मला कळंना झालंय."

मग त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते तिला दिसलं, आणि तिचं हसू हळूहळू ओसरलं. तिने हेडफोन काढून मांडीवर घेतला.

"म्हंजे," कालिंदीने विचारलं, "बाकीच्यांना ऐकू येत न्हाय व्हय?"