उंदरांचं सांगितलं होतं

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या वडिलांच्या खणात चिमटा शोधताना लेकीला काचबिंदूच्या थेंबांच्या अकरा बाटल्या सापडल्या. तिनेच दरमहा आणून दिलेल्या, पण एकीचंही सील तुटलेलं नव्हतं. तिच्या डोक्यात तिडीक गेली. “बाबा, थेंब कधीपासून बंद?” “वर्ष होत आलं. तू सांगितलेल्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतोय की.” ती प्रयोगशाळेत उंदरांच्या दृष्टिपटलातल्या पेशी मोजायची. मरू घातलेल्या पेशी त्या जीवनसत्त्वाने तगल्या, तेव्हा घरी येऊन तिनेच कौतुकाने सांगितलं होतं. “अहो, उंदरांचं सांगितलं होतं मी! उंदरांचं! डाव्या डोळ्याची नजर अर्धी गेली, आणि मी डॉक्टरांना नावं ठेवत बसले!” वडील ओशाळले. “डॉक्टर परके. तू पोटची. तुझंच खरं धरलं.” तिने त्यातल्या सर्वांत नव्या बाटलीचं सील दातांनी तोडलं, त्यांची हनुवटी वर उचलली आणि दरडावलं, “डोळा उघडा.”