काढा संपेपर्यंत

"आली?" आईने दारातूनच विचारलं.

"नाही गं अजून," बॉबिन म्हणाली. मशीनवरून मान काही वर केली नाही. खोटं बोलताना तिचे कान लाल होतात, आणि ते आईला पक्कं ठाऊक.

पडद्यांच्या दुकानात तिला सगळे बॉबिनच म्हणायचे. एवढीशी, आणि दिवसभर गरगर फिरणारी! आज मात्र ती खुर्चीला चिकटून बसली होती. कंबर भरून आलेली, ओटीपोटात कळा, हनुवटीवर एक पुळी ठुसठुसतेय. मांडीवर पांढराशुभ्र जाळीचा पडदा. पाळी सकाळीच आली होती. तीही अगदी वेळेवर.

आईने स्टूल ओढलं. पिशवीतून थर्मास काढला, झाकणात काढा ओतला, पुढे धरला. "पी."

बॉबिनने सोफेवाल्याशी लग्न केलं ना, म्हणजे सोफ्यांच्या गाद्या-कव्हरं करणाऱ्याशी, तेव्हा आई म्हणाली होती, "त्या घराची पायरी मी चढायची नाही." आणि खरंच नाही चढली. फोन नाही, निरोप नाही, काही नाही. रस्त्यात आईसारखी कुणाची पाठ दिसली तरी बॉबिनचं काळीज लक्कन हलायचं. ती पावलं उचलून पुढे जायची, वळून बघायची. दुसरीच कुणीतरी बाई.

मग पाळी बिघडली. यायची नाही तर महिनोन्महिने पत्ता नाही, आली की जायचं नाव नाही. बॉबिन मावशीजवळ बोलली. मावशीच्या तोंडात तीळ भिजत नाही. झालं! त्याच आठवड्यात आई दुकानाच्या दारात उभी, हातात थर्मास. "घरी नाही आले हं मी," तिने आधीच सांगून टाकलं. "हे दुकान आहे. दुकानात कुणीही येतं."

काढा म्हणजे काय होता! मेथ्या, ओवा, आलं, तीळ, आणखी काय काय. कडूजहर नुसता. बॉबिन नाक दाबून एका घोटात संपवायची. आई लगेच झाकण पुसायची, थर्मासला लावायची आणि निघायची. झाकण रिकामं झालं की उठायचं, हा तिचा नियम. पण तेवढ्यात ती लेकीच्या केसांत अडकलेला दोरा काढायची. "हाडं वर आलीत तुझी," म्हणायची. तेवढ्यावर बॉबिनचा अख्खा आठवडा निघायचा.

काढ्याने पाळीला मात्र ढिम्म फरक पडला नाही. शेवटी सोफेवाल्याने तिला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त तपासलं, थायरॉईड निघालं. रोज सकाळी एक इवलीशी गोळी. हळूहळू पाळी शहाण्यासारखी महिन्याच्या महिन्याला यायला लागली. बॉबिन इतकी खूश झाली म्हणून सांगू! आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या मनात आलं, सगळं सुरळीत झालं, तर आई कशाला येईल?

तेव्हापासून तिचं एकच उत्तर. नाही गं अजून.

हल्ली तर तिने एक युक्तीही काढली होती. जीभ सरावली असावी, काढा पूर्वीसारखा कडू लागत नव्हता. मग ती चिमणीसारखी घोट घोट प्यायची. मध्येच म्हणायची, जीभ भाजली. मध्येच म्हणायची, थांब, हा काठ शिवून घेते. आई बसून राहायची.

"अहो, तुमची लेक काढा पितेय की त्यात पोहतेय?" कटिंगच्या टेबलावरून दुकानवाल्या काकू ओरडल्या. "आणि बॉबिन, तो पांढरा पडदा झाला असेल तर आण इकडे. गिऱ्हाईक येईल."

"आणते!" बॉबिन म्हणाली, आणि सवयीने ताडकन उठली.

"थांब," आई म्हणाली.

एवढंच. बॉबिनने हात मागे नेला. कपडे ओले लागले. खुर्चीच्या फिक्या उशीवर भलामोठा लाल डाग होता.

ती पडदा पोटाशी धरून तशीच उभी राहिली. संपलं. आता आई थर्मास पिशवीत टाकेल, आणि मग पुन्हा रस्त्यातल्या परक्या बायकांच्या पाठी.

आई उठली. अंगावरची शाल काढली, लेकीच्या कमरेला गुंडाळली आणि पुढे गाठ मारली. शाळेत असताना मारायची तश्शी, घट्ट.

"आई, मी तुला..."

"पडदा वर धर आधी. लागेल त्याला."

"आई, पाळी येतेय गं. कधीपासूनच नीट येतेय. मी खोटं सांगत होते."

"माहितेय."

"कसं?"

आईने तिच्या हनुवटीवर बोट टेकवलं. "शाळेत होतीस तेव्हापासून आधी ही पुळी येते, नि मागून पाळी. मला काय आंधळी समजलीस?"

बॉबिनला हसावं की रडावं कळेना. "मग एवढा कडू काढा उकळत कशाला बसायचीस दर वेळी?"

"कडू कुठाय? मेथ्या कधीच बंद केल्या मी. बडीशेप आणि मध, बाकी काही नाही त्यात."

"का पण?"

आई पुन्हा स्टुलावर बसली. तिने थर्मास उघडला आणि झाकण काठोकाठ भरलं.

"कडू होता, तेव्हा एका घोटात संपवायचीस," ती म्हणाली. "मला लगेच उठावं लागायचं."