दहाव्याचा कावळा

“कावळा? माणसांच्या निवाऱ्यात कावळा?” आल्हाद खो खो हसला. शाळेच्या दारात मंगलाबाई टोपली छातीशी धरून उभ्या होत्या. घाटावर दर्भ आणि काळे तीळ विकणारी ही बाई नखशिखांत भिजली होती. टोपलीत पंख मोडलेला कावळा होता. त्याचं नाव सावळीराम.

“त्याला उडता येत नाय, दादा. पिल्लू होता तवापासून माझ्यापाशी हाय.”

“उद्या कोणी हत्ती आणेल. बाई, हा निवारा आहे, जत्रा नाही. जनावरं व्हरांड्यात.”

आतले लोक हसले. व्हरांड्यात आधीच एक शेळी, दोन कुत्री आणि पिंजऱ्यातला पोपट होता. त्यांची माणसंही तिथेच कुडकुडत होती, कारण त्यांना सोडून आत यायला ती तयार नव्हती. पाऊस तिरका मारत होता. धरणातून पाणी सोडलं होतं आणि गोदावरी शाळेखालच्या रस्त्यावर आली होती. आत जागेला तोटा नव्हता. निवारा आल्हादची संस्था चालवत होती आणि एक अख्खा वर्ग त्यानं संस्थेच्या फलकांसाठी राखून ठेवला होता. फलक अगदी कोरडे होते.

शामसुंदर कोपऱ्यात बसून हे सगळं ऐकत होते. आल्हाद त्यांचा पुतण्या. त्याला सांगावं, की बाबा, फलक हलव आणि तो वर्ग उघड. हे वाक्य त्यांनी मनात तयार केलं, तपासलं, त्यातला एक शब्द बदलला आणि गिळून टाकलं. वाचनालयाच्या नोकरीत दुसऱ्यांची वाक्यं जपण्यात हयात गेली होती. स्वतःचं वाक्य बरोबर असेल असं त्यांना कधी वाटलंच नाही.

संध्याकाळी ते बिस्किटांचा पुडा घेऊन व्हरांड्यात गेले. कावळ्यापुढे बिस्कीट ठेवलं. तो नुसता बघत राहिला.

“मी सांगितल्याबिगर खात नाय तो,” मंगलाबाई म्हणाल्या. त्यांनी फरशीवर नखानं टकटक केली. सावळीरामनं लगेच बिस्कीट उचललं. “घाटावर लोक लय काहीबाही टाकत्यात त्याच्यापुढं. म्हणून शिकवून ठेवलंय.”

सकाळी पाणी व्हरांड्याच्या पायरीला लागलं. आणि नेमका त्याच दिवशी इंदिराबाईंचा दहावा होता. इंदिराबाई म्हणजे शामसुंदरांची पत्नी. मूलबाळ नव्हतं, म्हणून क्रिया आल्हाद करत होता. काकू होती तेव्हा तो दिवाळीचा फराळ न्यायला यायचा, तोही गाडी चालू ठेवून. आता मात्र भेटेल त्याला सांगत होता, “काकू म्हणजे मला आईच. तिच्या मनातलं मला न सांगता कळायचं.”

घाट पाण्याखाली गेला होता, म्हणून पिंड वर्गातच मांडले. मोबाइल बाकावर टेकवून ठेवला. त्यात अमेरिकेतले नातेवाईक हात जोडून बसले होते. पण असल्या पावसात कावळा कुठून येणार? गुरुजी म्हणाले, “दर्भाचा करू. शास्त्रात सोय आहे.”

“दर्भाचा?” आल्हादनं मोबाइलकडे पाहिलं. “छे, छे. काकूसाठी खराच पाहिजे.” मग घसा खाकरून त्यानं हाक मारली, “मंगलाताई, जरा आत येता का? त्यांनाही घेऊन या.”

एका रात्रीत बाईंची ताई झाली होती आणि कावळ्याला अहोजाहो मिळालं होतं.

सावळीराम पिंडांसमोर बसला. काल हसलेले सगळे आता हात जोडून उभे होते. एकीनं तर डोक्यावर पदर घेऊन त्याला नमस्कार केला. त्यानं मान वाकडी करून सगळ्यांकडे पाहिलं. पण शिवला नाही.

“काकू, घराची काळजी करू नकोस,” आल्हाद म्हणाला. कावळा हलला नाही.

“काकांना मी सांभाळीन.” कावळ्यानं चोचीनं पिसं साफ केली.

“तुझ्या नावानं या शाळेला पंखे देईन. चांगल्या कंपनीचे.”

“अरे, दागिन्यांचं काहीतरी म्हण!” मोबाइलमधून कोणीतरी सुचवलं. कावळा ढिम्म. बाहेर शेळी पाण्यात उभी राहून ओरडत होती.

शामसुंदरांनी मंगलाबाईंकडे पाहिलं. त्यांची बोटं फरशीवर टेकलेली होती, अगदी शांत. त्या त्यांच्याकडेच बघत होत्या.

वाक्य तयार झालं. या वेळी शामसुंदरांनी ते तपासलं नाही.

“तिची एक इच्छा राहिली होती,” ते म्हणाले. आवाज चिरकला, पण थांबला नाही. “मुक्या जीवाला दारातून परत पाठवायचं नाही. शेवटपर्यंत हेच म्हणत होती.”

आल्हाद क्षणभर गोंधळला. मोबाइलमधले सगळे त्याच्याकडे बघत होते. त्यानं डोळे पुसले. “हो, हो! मलाही म्हणायची. नेहमी! काकू, शब्द देतो. फलकांचा वर्ग आत्ता रिकामा करतो. सगळी जनावरं आत घेतो.”

मंगलाबाईंचं नख फरशीवर हळूच वाजलं. सावळीराम पुढे झाला आणि त्यानं पिंडाला चोच लावली.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. फलक व्हरांड्यात गेले. शेळी आत आली, कुत्री आली, पोपट आला. आल्हाद मोबाइलसमोर सांगत होता, “मला माहीतच होतं. काकूला जनावरांचा भारी लळा.”

शामसुंदर पंच्यात तोंड खुपसून बसले होते. त्यांचे खांदे हलत होते. लोकांना वाटलं, म्हातारा रडतोय. तो रडतही होता.

इंदिराबाईंनी उभ्या संसारात एका मांजरालाही उंबरठा ओलांडू दिला नव्हता, आणि कावळ्यांसाठी तर त्यांनी खिडकीत गलोल टांगून ठेवली होती.