बिघडवलेलं रिव्हॉल्व्हर

दारू-गोळी हाताने भरून वर ठिणगीची टोपी बसवायच्या जुन्या रिव्हॉल्व्हरच्या नकला घडवण्यात एवारिस्तोची खोऱ्यातल्या कारखान्यात चाळीस वर्षं गेली होती. हौशी लोक नंतर त्यांत फेरफार करत, त्याचा त्याला मनस्वी तिटकारा होता. हल्ली तो नेमबाजी क्लबात यायचा, तो केवळ इतरांच्या हत्यारांना नावं ठेवायला.

रविवारी नोरिना आली. तिचा नवरा बात्तिस्ता, कारखान्यात एवारिस्तोच्या शेजारी काम करणारा कारागीर, महिन्यापूर्वीच गेला होता. त्याचं शेवटचं काम, एक रिव्हॉल्व्हर, तिने टेबलावर ठेवलं. मूठ चामडं गुंडाळून जाड केलेली, अंगठ्याने मागे ओढायच्या घोड्याला पितळेचं लांब शेपूट आणि चाप इतका हलका की फुंकरीने सुटावा.

"वहिनी, ही मूठ आहे की मक्याचा पोलेंटा घोटायचा दांडा?" एवारिस्तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "चांगल्या कामाची माती केली त्याने. कुठल्या लुळ्यासाठी बनवलं हे?"

नोरिनाने रिव्हॉल्व्हर त्याच्याकडे सरकवलं आणि आवाज खाली आणला.

"तुमच्यासाठी, भावजी. दोन वर्षं तुमची बोटं वळत नाहीत, हे कुणाला कळू देऊ नकोस, असं बजावून गेलेत ते."